बटण फिरवायचं राहिलं

गाडी शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. शिकणारा भांबावला की तो आपल्या बाजूनं दाबायचा आणि शांतपणे म्हणायचं, "काही नाही झालं, पुन्हा चालू करा." ठोक्या हे वाक्य इतकी वर्षं म्हणत आला होता की आता तो झोपेतही तेच बडबडतो, असं त्याची बायको सांगायची. पण त्या सकाळी चौकाच्या अलीकडे गाडी कचकन थांबली, तेव्हा शिकणाऱ्या बाईंचं काहीही चुकलं नव्हतं. बाई बिचाऱ्या नाकासमोर बघून चालवत होत्या. भांबावला होता तो ठोक्याच.

झालं होतं असं. गाणी लागली की हात थरथरत नाहीत, म्हणून बाईंनी रेडिओ लावला होता. एक संथ गाणं सुरू झालं. ठोक्या सवयीनं गुडघ्यावर ठेका धरून ऐकू लागला. ड्रम वाजवणारा चांगला आहे, उगाच पळत नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग गाणाऱ्याचा आवाज आला. जाड, जरासा खरखरीत. ठोक्याचा गुडघ्यावरचा ठेका थांबला. हा आवाज त्यानं चहाच्या टपरीवर ऐकला होता, भांडणात ऐकला होता, दवाखान्यात शेवटचा ऐकला होता. रेकॉर्डवर मात्र कधीच नाही. गाणं संपल्यावर निवेदक म्हणाला, "पंचवीस वर्षं कुलपात पडून राहिलेला 'भिरभिरे'चा अल्बम..." आणि ठोक्यानं ब्रेक दाबला. मागून हॉर्नचा भडिमार सुरू झाला.

"काय चुकलं माझं?" बाई रडवेल्या झाल्या.

"तुमचं नाही हो," ठोक्या म्हणाला, "आमचं बटण फिरवायचं राहिलं."

बाईंनी गाडीतली सगळी बटणं पाहून घेतली.

आता हे बटणाचं प्रकरण सांगायलाच हवं. ठोक्या तरुणपणी 'भिरभिरे' या बँडचा ड्रमर होता. गिटारवर लंबू आणि गायला बुलबुल. 'बुलबुल' हे नाव वर्तमानपत्रवाल्यांनी दिलेलं, कारण रेकॉर्डवर त्याचा आवाज असा चिवचिवता, हलका यायचा की ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलायचे. गंमत अशी, की हा बुलबुल बोलायला लागला की समोरचा दचकायचा. माणूस काडीसारखा आणि आवाज मात्र रांजणातून आल्यासारखा. पहिल्या रेकॉर्डिंगला स्वतःचं गाणं ऐकून त्यानं तोंड झाकून घेतलं होतं. "हा कोण म्हातारा गातोय?" म्हणाला. त्याला हसवायला म्हणून रेकॉर्डिस्टनं मशीनचं वेगाचं बटण थोडं पुढे फिरवलं. गाणं पळू लागलं, सूर वर चढला, आणि म्हाताऱ्याचा बुलबुल झाला. तो खुर्चीवरून उडालाच. "हा मी! बाहेर जायचा तो हाच!"

तेव्हापासून तीच रीत पडली. खोलीत रमतगमत वाजवायचं, आणि अगदी शेवटी, पक्की टेप बनवताना, बटण फिरवायचं. हे चौघांचं गुपित होतं. कुठल्या डब्यावर नाही, कुठल्या कागदावर नाही. बुलबुलनं तिघांकडून शपथ घेतली होती, आणि स्टेजवर त्या उंचीला पोचायला तो बिचारा असा गळा ताणायचा की दोन-दोन दिवस घरात खुणा करून बोलायचा.

नाव झालं, पण कसलं? 'दिवा ठेव लावून, निघालोय मी घरी' हे त्यांचं गाणं लहान मुलांच्या वाढदिवसांना वाजायचं. एका बल्ब कंपनीनं ते जाहिरातीला घेतलं आणि मग तर विचारूच नका. संगीतातली जाणती मंडळी 'भिरभिरे'चं नाव निघालं की ओठाच्या कोपऱ्यातून हसायची. बुलबुलला ते लागायचं. म्हणून त्यानं जीव ओतून एक शेवटचा अल्बम केला. त्याची पक्की टेप बनायच्या आतच कंपनी बुडाली, गोदामाला टाळं लागलं, आणि टाळं निघायच्या आत बुलबुल गेला. पुढे रेकॉर्डिस्टही गेला. आता बुलबुलच्या मुलीनं खटपट करून टेपा सोडवल्या होत्या. तिनं ऐकायला पाठवलेला अल्बम ठोक्याला आठवडाभर लावायचा धीर झाला नव्हता, आणि तो थेट चौकात कानावर पडला होता. जुन्या टेपा उतरवून देणाऱ्या प्रयोगशाळेतल्या हुशार पोरांनी टेपेवर होतं ते इमानदारीनं जसंच्या तसं उतरवलं होतं. बटणाचं त्यांना कोण सांगणार?

त्या आठवड्यात जगानं 'भिरभिरे'ला डोक्यावर घेतलं. ओठाच्या कोपऱ्यातून हसणारेच आता लिहीत होते की आम्ही या कलावंतांना ओळखलंच नाही. एकानं तर ठोक्याच्या वाजवण्यातल्या संयमावर अख्खा परिच्छेद खर्च केला. बायकोनं तो मोठ्यानं वाचला आणि हसता हसता तिला ठसका लागला. "संयम? अहो, तुम्ही वरण गार होईपर्यंत थांबत नाही!"

ठोक्याला हसू आलं नाही. आपण चोरून वाहवा खातोय असं त्याला वाटत होतं, आणि ती गोड लागतेय म्हणून स्वतःचा रागही येत होता. तो लंबूकडे गेला. लंबूचं चष्म्यांचं दुकान होतं. तो एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होता.

"ऐकलंस?"

"ऐकलं. गप्प बस," लंबू फ्रेमवरची नजर न काढता म्हणाला.

"अरे, पण ते अर्धवट आहे. त्यानं हे असं बाहेर जाऊच दिलं नसतं."

लंबूनं आधी गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. मग काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "इतकी वर्षं लोक आपल्याला बल्बवाले म्हणाले. माझ्या जावयाच्या फोनची रिंग आहे ते गाणं, ठाऊक आहे? आता कुठे लोक मान झुकवतायत. तुला सत्यवादी व्हायचंय ते आत्ताच व्हायचंय का?"

"पण हे खरं आपण आहोत का?"

"वाजवलं कुणी? मी, तू, तो. मग?"

"आणि ते आधीचं कुणी वाजवलं?"

लंबूनं एक चष्मा उचलून उगाच पुसला. "तू घरी जा बाबा," तो म्हणाला. "मला पण चक्रावून सोडशील."

ठोक्या घरी गेला नाही. तो बुलबुलच्या मुलीकडे गेला. तिला तो चिमणी म्हणायचा, आणि ती आता जनावरांची डॉक्टर होती. बाहेरच्या खोलीत टोपलीतल्या मांजरी आणि त्यांचे घाबरलेले मालक बसले होते. आतून ती फोनवर बोलत होती. आवाज इतका भारदस्त की पलीकडचे तिला हमखास 'साहेब' म्हणत. शाळेत गाण्याच्या तासाला तिला मागे उभं करून नुसते ओठ हलवायला सांगायचे. तेव्हापासून तिनं गाणं कानानंच केलं, गळ्यानं नाही.

"काका! या ना," ती म्हणाली. टेबलावर एक लठ्ठ कुत्रा पायाला बँडेज बांधून घेत होता. "शनिवारी अल्बमच्या कार्यक्रमाला येताय ना? तुम्ही आणि लंबूकाकांनी 'दिवा' वाजवायचा, आणि लोक तुमच्याबरोबर गातील."

ठोक्यानं वाटेत मोठी प्रस्तावना जुळवली होती. ती सगळी विसरून तो म्हणाला, "चिमणे, अल्बमचा वेग चुकलाय." आणि शपथ मोडून बटणाची सगळी हकिगत सांगून मोकळा झाला.

तिचे हात थांबले. कुत्र्यानं मान वर करून दोघांकडे पाहिलं.

"म्हणजे लोक ज्याला डोक्यावर घेतायत, ती चूक आहे?"

"चूक म्हणजे... वाजवलं तसंच आहे ते. पण त्याला तसं नको होतं. तो आवाज त्याला आवडायचा नाही."

तिनं बँडेजचं टोक दाबून चिकटवलं. मग हळू म्हणाली, "काका, बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई दर रविवारी त्यांच्या रेकॉर्डी लावायची. म्हणायची, ऐक, तुझे बाबा. मी ऐकायचे आणि मला कळायचंच नाही. हे कोण चिवचिवतंय? माझे बाबा असे नव्हते बोलत. आईला वाईट वाटेल म्हणून मी मान हलवायचे. हळूहळू खरा आवाज विसरलेच मी. मग प्रयोगशाळेत त्या मुलानं पहिली टेप लावली, आणि मी तिथेच खाली फरशीवर बसले. मला बाबा परत मिळाले होते." तिनं नाक पुसलं. "आणि तुम्ही म्हणताय, त्यांना तसं मिळायचंच नव्हतं. मग मी काय केलं हे? सांगा ना. तुम्ही त्यांना ओळखत होतात. मी चूक केली का?"

ठोक्याला या प्रश्नाचं उत्तर देता आलं असतं तर काय हवं होतं! मित्राला दिलेला शब्द एकीकडे आणि मित्राची लेक दुसरीकडे. हो म्हणावं तर ती कोसळणार, नाही म्हणावं तर खोलीत कुठेतरी उभा असलेला बुलबुल तोंड झाकून घेणार. तो नुसता कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"'दिवा' बाबा मला झोपवताना म्हणायचे," ती म्हणाली. "पण असं पळत नाही. अगदी सावकाश." आणि तिनं पुढच्या मांजरीला आत बोलावलं.

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत चिमणी बसली होती, चेहरा ओढलेला. जाणती मंडळी तिच्या आजूबाजूला होती. मुलाखत घेणारा तरुण गुडघ्यावर हात जोडून म्हणाला, "त्या वयात तुमच्या हातात हा संयम आला कुठून?"

लंबूनं खुर्चीखालून ठोक्याच्या पायावर पाय दिला.

"संयम कसला," ठोक्या म्हणाला. "आमची गाणी आम्ही यंत्रावर पळवायचो. या वेळी बटण फिरवायचं राहिलं."

सगळं सभागृह खदखदून हसलं आणि टाळ्या पडल्या. "ही विनम्रता!" मुलाखत घेणारा डोळे पुसत म्हणाला. ठोक्या आ वासून बघत राहिला. आयुष्यात एकदा सगळ्यांसमोर खरं बोललो, तर त्याचाही विनोद झाला. हसली नव्हती ती फक्त चिमणी. ती त्याच्याकडे बघत होती, आणि दवाखान्यातला तो प्रश्न तिच्या डोळ्यांत तसाच होता.

मग 'दिवा' वाजवायची वेळ आली. ठोक्या ड्रममागे बसला. लोक आधीच टाळ्यांचा ठेका धरून तयार होते, तोच तो वाढदिवसांचा, पळणारा. ड्रमरनं चार काठ्या वाजवून वेग द्यायचा असतो. एकदा चार काठ्या वाजल्या की मग माघार नाही, गाणं त्याच वेगानं जातं. ठोक्यानं काठ्या उचलल्या आणि त्या तशाच हवेत राहिल्या. बुलबुल, तूच सांग, तो मनात म्हणाला. कुणी काही सांगितलं नाही.

"खालच्या पट्टीत घे," तो लंबूला म्हणाला.

"काय?"

"तो खोलीत गायचा ती पट्टी. आठवते ना?"

लंबूनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग शिवी हासडल्यासारखं काहीतरी पुटपुटला आणि बोटं खाली सरकवली.

ठोक्यानं काठ्या वाजवल्या. एक. दोन. तीन. चार. मधल्या जागा इतक्या लांब की टाळ्या अडखळल्या आणि बंद पडल्या. सूर सुरू झाले. लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणालाच गाणं ओळखू येईना. गाण्याची जागा आली, आणि जे सभागृह एका सुरात गाणार होतं, ते मुकाट बसून राहिलं. ओळ रिकामी गेली. आपण सगळ्यांसमोर मित्राचं हसं केलं, असं ठोक्याला वाटलं.

गाण्याची जागा पुन्हा आली. पुढच्या रांगेतून एक आवाज उठला. जाड, जरासा खरखरीत, कधीच न वापरलेला.

"दिवा ठेव लावून... निघालोय मी घरी..."

चिमणी खुर्चीत बसूनच गात होती, डोळे मिटून. शेजारचा जाणता माणूस दचकून बाजूला सरकला होता. ओठाच्या कोपऱ्यातूनही कुणी हसत नव्हतं. लंबूनं मान वळवून घेतली, कारण तो रडत होता आणि त्याला ते चालत नसे.

बुलबुलला हे आवडलं असतं की तो रागानं उठून गेला असता, ते ठोक्याला तेव्हाही कळलं नाही. चिमणीला पुढची ओळ धरायला जरा उशीर झाला. जन्मभर पळत आलेले त्याचे हात पुढे गेले नाहीत. तो तिच्यासाठी थांबला.