झुलाल आबांचं खाकरणं

मंगलाष्टकं आधी ऐकू येतात आणि भटजींचं तोंड मागून हलतं, असल्या लग्नाच्या फिल्मा धुळ्यात नवलकडे दुरुस्तीला येतात. ढोलावर काठी पडताना दिसली, की तिचा आवाज ओढून तिथे बसवायचा. एक जागा जुळली की पुढचं आपसूक जुळतं. एवढंच त्याचं शास्त्र, आणि त्यावर त्याचं बरं चाललं होतं.

त्या दुपारी पिंपळनेरकडचा अभिमन पेन ड्राइव्ह घेऊन आला, सोबत त्याची विधवा वहिनी प्रमिलाबाई. अभिमनचे वडील झुलाल आबा नुकतेच गेले होते. विहिरीवरचं बागायती वावर कुणाचं, ते त्यांनी मोबाइलसमोर बसून सांगून ठेवलं होतं. उद्या उत्तरकार्याला भाऊबंदांसमोर ते दाखवायचं होतं, आणि आबांच्या शब्दाबाहेर कुणी जाणार नव्हतं.

"तोंड हालस एकीकडे, आवाज येस दुसरीकडे," अभिमन म्हणाला. "जुयाडी दे. वहिनीले मुद्दाम लई उनू. तिना समोरच व्हऊ दे."

ऊन येतं म्हणून त्याने शटर अर्धं खाली ओढलं. बाहेर मोटारसायकलींवर त्याचे दोन दोस्त बसून होते. तळहातावर तंबाखू मळत तो नवलच्या खुर्चीमागे उभा राहिला.

फिल्म सुरू झाली. आबांचा आवाज म्हणाला, वावर अभिमनचं. प्रमिलाबाई पदर खांद्यावरच ठेवून गुमान ऐकत होत्या. त्या वावराखेरीज त्यांना पोटाला दुसरा आधार नव्हता.

नवलने हेडफोन चढवला. बोलण्याआधी आबा तोंडाशी मूठ नेऊन खाकरताना दिसत होते. सुना असलेल्या घरात म्हातारा उंबऱ्याबाहेर असाच खाकरतो, सुनांना डोक्यावर पदर घ्यायला सवड मिळावी म्हणून. चला, ढोलाची काठी सापडली, असं म्हणत नवल आवाज मागे-पुढे सरकवू लागला. पण आवाजात खाकरणं नव्हतंच. पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. कुठेच नव्हतं.

 पडद्यावर खाली पाहतो तर फिल्मला आवाजाच्या दोन पट्ट्या. कुणा अर्धवटाने नवा आवाज वर चढवला होता आणि जुना काढून टाकायचा सोडून नुसता बंद करून ठेवला होता. नवलने तो हळूच उघडला. आबा खाकरले, अगदी मुठीबरोबर. मग म्हणाले, "मना मांगे विहीरवरनं वावर प्रमिलानं शे. कोन्ही आडवं येवानं नही."

 पहिला आवाज आबांचा नव्हताच. कुणाकडून तरी तो हुबेहूब तयार करून घेतला होता, आणि तो करून घेणारा माणूस पाठीशी उभा राहून श्वास सोडत होता.

"काय ऐकी ऱ्हायना इतलं?" अभिमनने विचारलं. त्याचा मोकळा हात खुर्चीच्या पाठीवर आला.

"काही नाही भाऊ. जुळवतोय."

खालची पट्टी पुसायला एक बटण पुरे होतं. नसती उठाठेव कशाला? शटरबाहेर दोघं, आत हा, आणि आपल्याला तर याच गावात दुकान चालवायचंय. नवलचं बोट बटणावर गेलं. तेवढ्यात त्याला पडद्याच्या काचेत प्रमिलाबाई दिसल्या, हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसलेल्या. मघाशी सासऱ्यांचा म्हणून तो आवाज घुमला, तरी त्या हातांनी पदराकडे धाव घेतली नव्हती. बाईच्या मनाला नसेल कळलं, हातांना कळलं होतं.

"व्हयनं का?"

"झालं," नवल म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. त्याने वरची पट्टी बंद केली आणि हेडफोनची वायर उपटली.

दुकानभर आबा खाकरले.

प्रमिलाबाईंचा हात आपसूक वर गेला आणि पदर डोक्यावर आला. नवलने मागे वळून पाहिलं नाही. समोरच्या काचेत त्याला दिसलं, खुर्चीमागे अभिमनने तंबाखूची मूठ झटकन पाठीमागे लपवली होती.