चिचगडची दाढ आणि बकारामची पारख

हसायचं असेल तर आधी हसून घ्या. मी एक दाढ आहे, तीही गेंड्याची, आणि हजारो वर्षं मातीत राहून पार दगड झालेली!

१९३२ साली चिचगडजवळच्या तलावातला गाळ उपसताना मी देवकाबाईच्या फावड्याला लागले. लोकांनी मला गोटा म्हणून भिरकावलंच असतं, पण तिथे बकाराम होता. बैलबाजारात दात पाहून बैलाचं वय सांगायचं, हेच त्याचं काम. त्याच्या शब्दावर सौदे ठरत.

धोतराच्या सोग्याने मला पुसून त्याने अंगठा फिरवला. "दाढ हाय हे. बैलाहून मोठ्या जनावराची. पण रवंथ करणाऱ्याची नाही."

"गोट्याले दाढ म्हणून राहिला!" गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, केशोराव खदखदून हसले. "आता बैलाच्या तोंडातबी गोटेच पाहशील का?"

झालं! पुढच्या बाजारात त्याला कोणी बोलावेना. माझ्यापायी भल्या माणसाचा शब्द गेला, याचं मला फार वाईट वाटलं. मी बोलणार तरी कशी?

"कायले वागवून राहिले तो गोटा?" त्याची बायको शकुंतलाबाई म्हणायची.

"दाढ हाय म्हणून." एवढंच बोलून तो मला पिशवीत घाली आणि बाजारात जाऊन बसे. तीन वर्षं!

मग खडकांची पाहणी करणारे एक साहेब बंडीला जुंपायचे बैल घ्यायला आले. बकारामने बैलांआधी मलाच त्यांच्यापुढे ठेवलं आणि आपली पारख सांगितली. साहेबांनी भिंग काढून मला उलटंपालटं करून पाहिलं.

"अहो, ही गेंड्याची दाढ! रवंथ करणाऱ्याची नाही, हे तुम्ही कसं ओळखलंत?"

"रवंथवाल्याच्या दाढेवर चंद्रकोरी राहतेत, साहेब. हिच्यावर कुठं हायेत?"

साहेबांनी भर बाजारात त्याचा हात हातात घेतला. म्हणाले, एके काळी गेंड्यांचं घराणं आशिया, युरोप, आफ्रिका, उत्तर अमेरिका, सगळीकडे पसरलं होतं. समुद्र मागे हटला, की उघड्या पडलेल्या जमिनीवरून ते चालत निघत. ऐकून माझी छाती फुगली. दाढेला छाती नसते, पण फुगली!

आणि केशोराव? आपली बैलजोडी घेऊन गुपचूप बकारामपुढे उभे राहिले. "पाहून दे बाप्पा."

आज, १९४७ साली, त्या साहेबांच्या खटपटीने मी शहरातल्या संग्रहालयात काचेमागे आहे. शेजारी पाटी आहे: 'गेंड्याची दाढ. ओळखणारा: बकाराम, चिचगड.'

कधी आलात तर मला नंतर पाहा. आधी ते नाव वाचा, आणि मोठ्याने वाचा.