मांजरानं बदललेलं कुलूप

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही," अप्पांनी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं, "पण सूनबाईच्या फायलींचं कुलूप आपल्या मांजरानं बदललंय!"

मुलानं वर्तमानपत्र खाली केलं. नात फिस्सकन हसली. सून मात्र कोपऱ्यात, सगळ्या घराच्या सामाईक कॉम्प्युटरसमोर, पांढऱ्याफटक चेहऱ्यानं बसली होती. पासवर्ड चुकीचा आहे, हेच तो तिला सकाळपासून ऐकवत होता. आणि त्या फायली तिला आज संध्याकाळी स्पीच थेरपिस्टना ऐकवायच्या होत्या.

अप्पांचा उभा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेलेला. कुठल्याशा बँकेची तिजोरी आपण नुसतं शिंकून उघडली, असं ते शपथेवर सांगत. त्यातलं किती खरं ते त्या शिंकेलाच माहीत. पण अडकलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवत, एवढं खरं. सुनेच्या बोलण्याचंही तसंच. तिचे शब्द अडखळत, आणि शब्द अडला रे अडला की अप्पा तो परस्पर उघडून मोकळे.

"अप्पा, मला ज... ज..."

"जरा मीठ हवंय? घे की मग, लाजतेस काय!"

तिला जायचं असे. मग ती मीठ घेई आणि गप्प बसे. अप्पांना वाटे, आपण केवढी मदत केली.

अशात तिनं कॉम्प्युटरवरच्या आपल्या फोल्डरला पासवर्ड घातला. घरात एक कुलूप, आणि ते अप्पांना उघडत नाही! त्यांना घास गोड लागेना. सून टाईप करायला बसली की हे शेजारच्या खुर्चीत पेपरामागे तोंड लपवून कान लावत. कीबोर्ड जुनापुराणा, एकेका बटणाचा खटका निराळा; त्या खटक्यांवरून अप्पांनी पासवर्ड ओळखला. घर रिकामं सापडलं तशी अप्पांनी ती किल्ली लावली, आणि फोल्डर उघडला.

त्यांना वाटलं होतं, वेगळं बिऱ्हाड करायचे बेत निघतील. गेलाबाजार, सासऱ्याबद्दलच्या कागाळ्या. निघाला नुसता सुनेचा आवाज. कितीतरी दिवस थोडा थोडा साठवलेला. सगळीकडे एकच वाक्य. अडलेलं, अर्ध्यात सोडलेलं, रडवेलं होऊन पुन्हा धरलेलं.

"अप्पा, थांबा. माझं बोलणं मला पुरं करू द्या."

शेवटच्या फायलीत ते सरळ, एका दमात आलं होतं. त्यामागून ती एकटीच हसली होती.

ते हसू ऐकलं आणि अप्पांनी फोल्डर झटकन बंद केला. इतक्या घरांची दारं उघडली होती त्यांनी, पण चोरासारखं कधी वाटलं नव्हतं.

त्यांच्या धंद्यात एक शिरस्ता होता. किल्लीवाचून उघडलेलं कुलूप मालकाला तसंच परत द्यायचं नाही. परका हात आत गेला की जुनी किल्ली मेली. आतले लिव्हर बदलायचे, नवी किल्ली घडवायची, मगच हात धुवायचे. शरमेनं वाकलेल्या अप्पांना दुसरं काही सुचेना, तेव्हा त्यांनी शिरस्ता पाळला. पासवर्ड बदलला. जरासं हलकं वाटलं. पाण्याचा पेला तोंडाला लावला, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला: ही नवी किल्ली मालकिणीला द्यायची कुठल्या तोंडानं?

"अप्पा, मांजर?" मुलगा म्हणाला.

"अरे, त्या टेबलावर ऊन येतं ना! लोळत होतं कीबोर्डवर. माझ्या डोळ्यांदेखत पंजे आपटले, इकडे खट, तिकडे खट, आणि शेवटचं बटण दाबलं ते शेपटीनं."

"शेपटीनं? आजोबा, आता हद्द झाली हं!"

"तू गप गं. सूनबाई, तू काळजी करू नकोस. मी सगळं बघून ठेवलंय. आपल्या कुलपांच्या दुकानाचं नाव लिही, आणि त्यापुढे माझं जन्मसाल."

तिनं लिहिलं. फोल्डर उघडला. एकेक फाईल जागच्या जागी आहे ना, हे तिनं नीट पाहून घेतलं. नातीचं हसू केव्हाच विरलं होतं. सुनेनं खुर्ची सावकाश वळवली.

"अप्पा," ती म्हणाली. "मां... मां..."

शब्द अप्पांच्या जिभेवर तयार होता. नुसता शब्दच काय, अख्खं वाक्य तयार होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले, मान खाली घातली आणि वाट पाहिली. मुलगा काहीतरी बोलायला गेला, तर त्याला हातानं थांबवलं. कपातल्या चहावर साय धरली.

"मांजराला," सून म्हणाली, "तुमचं जन्मसाल... कोणी सांगितलं?"