सेरेनाबाईंची अर्धी काथवट

मी एक जुनी काथवट आहे, मित्रांनो. खरे तर अर्धी काथवट म्हणायला हवे, पण अजून जीभ वळत नाही.

बुडापेस्ट शहरात ज्यू लोकांच्या जुन्या वस्तीत आमची बेकरी आहे. एका सुताराने मला एकाच जाड ओंडक्यातून कोरून काढले, तेव्हा माणूस आडवा झोपेल एवढी मी लांब होते. बेकरीच्या मालकीण सेरेनाबाई माझ्यात शुक्रवारच्या हालाची कणीक मळत. हाला म्हणजे वेणीसारखा गुंफलेला, गोडसर पाव. तो ताटात आल्याशिवाय आमच्याकडे सुट्टीचा दिवस सुरूच होत नाही.

मग युद्धाचा हिवाळा आला आणि सेरेनाबाई व त्यांच्या घरची माणसे ज्यू म्हणून पकडून नेली गेली. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने मला उलटे घातले, वर गादी टाकली आणि झडतीला आलेल्यांना सांगितले, ही माझी खाट. वसंतात सेरेनाबाई एकट्याच परतल्या. शेजारणीने मला खाली आणून दिले. सेरेनाबाईंनी आधी मला धुतले, मग अंगावरचा कोट काढला.

पुढे त्यांनी पुन्हा संसार मांडला, मुली झाल्या. थोरली इल्का माझ्यापाशी उभी राहिली ती केस पांढरे होईपर्यंत. गिऱ्हाइके म्हणत, या पावाला लाकडाचा वास येतो, तो दुसरीकडे मिळत नाही. ते ऐकले की मला फार बरे वाटे.

गेल्या वर्षी इल्काबाई बर्फावरून घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. इस्पितळ, मग चालायला शिकवणारे आरोग्यधाम, असे कितीतरी महिने गेले. दुकान बहिणीच्या मुलाने, आब्रिशने सांभाळले. पोरगा वाईट नाही. त्याने खुर्च्या मांडल्या, कॉफीचे यंत्र आणले, कणीक मळायलाही यंत्र आणले. रांग दाराबाहेर जाऊ लागली. एके सकाळी तो सुताराला घेऊन आला. मला वाटले, माझ्या बुडाला पडलेली भेग बुजवायला आला असेल. सुताराने मधोमध खडूने रेघ ओढली आणि करवत लावली.

मित्रांनो, त्या क्षणाचे मला काहीच सांगता येत नाही. एवढेच कळले की माझे एक टोक अजून टेबलावर होते आणि दुसरे जमिनीवर पडले होते.

इल्काबाई न कळवता आल्या, काठी टेकत, रांगेत उभ्या राहून. गल्ल्यावरची मुलगी नवी होती.

"आजी, काय देऊ? फ्लोद्नी ताजी आहे. खसखस, अक्रोड, सफरचंद, सगळे थर आहेत."

"थर मला माहीत आहेत गं. ते भिंतीवर काय टांगलंय?"

"ते होय? शोभेचं आहे. पूर्वी लोक त्यात पीठ मळायचे म्हणे."

"म्हणे," इल्काबाई म्हणाल्या.

आतून आब्रिश आला आणि जागीच थबकला. "मावशी, सांगायचं तरी येतेस म्हणून."

"माझ्याच दुकानात वर्दी देऊन येऊ?" त्यांची नजर माझ्यावरून हलत नव्हती. माझ्याभोवती दिव्यांची माळ होती. "ही कापली कुणी?"

"मी कापून घेतली. पडूनच होती गं. लोक हिचे फोटो काढतात. तू आलीस की तुला चकित करणार होतो."

"झाले चकित," त्या म्हणाल्या. "दुसरी अर्धी कुठे आहे?"

आब्रिश खाली बघू लागला. "दारात. आत येताना तिच्यावरच हात टेकला असशील."

इल्काबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. करवतीपेक्षा हे त्यांना जास्त लागले. ज्या लाकडावर जन्म गेला, ते हाताखाली आले आणि हाताने ओळखले नाही. त्या तशाच बाहेर गेल्या. माझ्या त्या अर्ध्या अंगात माती भरून जिरेनियम लावले होते. त्यांनी रोपे उपटली, माती उपसली आणि तळाला बोट लावले. बोट लाकडात रुतले.

"कुजली," त्या म्हणाल्या.

"मावशी, नवी करून आणतो. याच मापाची."

"तुझ्या आजीचे हात कुठून आणशील?"

तो तिथेच पायरीवर बसला आणि रडू लागला. त्यांनी त्याला रडू दिले. मग म्हणाल्या, "ऊठ. बादली आण. आणि ती भिंतीवरची खाली काढ."

सुताराने माझ्या कापलेल्या बाजूला फळी बसवली. पाणी ओतून पाहिले तेव्हा पहिल्यांदा मी गळले, दुसऱ्यांदा नाही. कुजलेली अर्धी अंगणात उन्हात वाळत राहिली. तिचे काय करणार, हे कुणी विचारले नाही.

शुक्रवारी पहाटे इल्काबाई मागच्या जुन्या भट्टीपाशी आल्या आणि वाळलेली अर्धी आत सरकवायला सांगितली. आब्रिशचे हात थांबले. माझाही विश्वास बसेना.

"जाळायची?"

"कुजलेलं लाकूड घरात ठेवत नाहीत. पीठ मळलेलं लाकूड उकिरड्यावर टाकत नाहीत. सरकव."

भट्टीतला लाल उजेड माझ्या कडेवर पडला. इल्काबाईंनी आब्रिशला माझ्यासमोर उभे केले, बाह्या वर सारायला लावल्या आणि पीठ ओतले. यंत्राची सवय झालेली बोटे आधी नुसतीच चिकटत राहिली.

"मनगटानं," त्या म्हणाल्या. "बोटांनी नाही."

माझ्यात आता दोनच पावांची कणीक मावते. ते दोन पाव माझ्याच आगीवर भाजले गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवे रूप जरूर द्या. पण हातात करवत घेण्याआधी, ज्यांचे हात तिला लागले आहेत, ते परत येईपर्यंत थांबा.