लाल झाकणाच्या बाटल्या

पृथ्वीच्या पोटात जे दडलेलं असतं ते कधी ना कधी वर येतंच. विज्ञानाकडे फक्त धीर हवा. सरांचं प्रत्येक भाषण या वाक्याने सुरू होई आणि त्यानंतर ते धीराने घोटभर पाणी पीत. वाक्यात खोटं काही नव्हतं. वर येणारं ते वाटेत नळीला चिकटतं आणि शेवटी नळीच बुजवून टाकतं, एवढं सांगायचं राहून जाई. शिवाय सरांनी स्वतःच्या हाताने जे वर आणलं होतं, ते त्यांनी स्वतःच्याच हाताने भांड्यांच्या साबणाने धुऊन मोरीत सोडलं होतं. हे त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत होती.

आज सकाळी आरशासमोर कोट चढवताना त्यांना दुसरं काहीच आठवत नव्हतं.

कोट भेट आलेला होता. ज्या विद्यार्थिनीची आज पीएचडीची तोंडी परीक्षा होती, तिचे वडील शिंपी. लेकीच्या मार्गदर्शकाला काहीतरी स्वतःच्या हातचं द्यावं, असं त्यांच्या मनात आलं. एवढ्या मोठ्या माणसाला मापासाठी दुकानात कसं बोलवायचं, म्हणून त्यांनी विभागाच्या भिंतीवर लावलेल्या फोटोवरून अंदाज घेतला. फोटोत सर विहिरीच्या तोंडाशी उभे होते, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे वाफेचा लोट. अडचण एवढीच की फोटोत त्यांनी कंपनीचं जाडजूड जाकीट घातलं होतं आणि छाती भरून श्वास रोखून धरला होता. त्यामुळे कोट अशा एका गृहस्थासाठी शिवला गेला, जो फक्त फोटोपुरता अस्तित्वात होता.

"खांद्यात अजून एक माणूस मावेल," बायको म्हणाली.

"सैलच असतात आताशा."

"कोट सैल नाही, तुम्ही वाळलाय. जेवत नाही, धड झोपत नाही. परीक्षा तिची आहे की तुमची?"

सरांनी कोटाची बटणं लावली. उत्तर सोपं होतं, म्हणूनच देता येत नव्हतं.

प्रकरण तसं साधं होतं. जमिनीत कित्येक किलोमीटर खोल विहीर खणायची, तिथलं उकळतं पाणी वर आणायचं आणि त्याच्या वाफेवर वीज तयार करायची, असा त्या कंपनीचा कारखाना. त्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. सिलिका म्हणजे वाळूची सख्खी बहीण. पाणी गरम आहे तोवर ती निमूट विरघळून राहते. पाणी निवलं की बाहेर पडते आणि दिसेल त्याला चिकटते. घरच्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तसाच. फक्त इथे थर बसला की कोट्यवधींची विहीर तुंबते. कुठल्या विहिरीत थर किती बसेल आणि तो कसा टाळता येईल, हा विद्यार्थिनीचा विषय. तिच्या दोन्ही हातांत कायम नमुन्यांच्या बाटल्या असत, म्हणून सगळा विभाग तिला बाटलीबाई म्हणे. तीही या नावाला ओ देई.

तीन वर्षांपूर्वी एका नव्या विहिरीवर जायचं ठरलं. कंपनीने पास एकाच माणसाचा दिला. खरं तर जायला हवं होतं बाटलीबाईने. पण जोखमीची जागा आहे, उकळत्या पाण्याशी खेळ आहे, असं म्हणून सर स्वतः निघाले. तिथे कंपनीच्या मोठ्या साहेबांबरोबर जेवण आहे आणि फोटो काढणार आहेत, हे त्यांना आधीच कळलं होतं.

बाटलीबाईने खोका भरून दिला. निळ्या झाकणाच्या बाटल्या रिकाम्या. लाल झाकणाच्या बाटल्यांत मोजून भरलेलं शुद्ध पाणी.

"सर, निळीत नमुना घेतला की तिथल्या तिथे लालमध्ये मिसळायचा. पाणी पातळ झालं की सिलिका बाहेर पडत नाही. उशीर झाला तर सगळी बाटलीलाच चिकटेल."

"अगं, मी हे शिकवायला लागलो तेव्हा तू शाळेत होतीस."

"हो सर. आणि रिकाम्या बाटल्या धुवायच्या नाहीत. तशाच आणायच्या."

"बाटल्या धुतोय कोण!" सर हसले होते.

विहिरीवर सर्व काही उत्तम झालं. निळ्या बाटल्या भरल्या. तेवढ्यात फोटोवाला आला, उजेड छान आहे म्हणाला. मग हेल्मेट सरळ करणं झालं, वाफेचा लोट मागे नीट यावा म्हणून दोनदा जागा बदलणं झालं, मग मोठ्या साहेबांबरोबर जेवण झालं. मोठ्या साहेबांना विनोद सांगायची हौस होती आणि ते विनोद लांबलचक होते. लाल झाकणाच्या बाटल्या सरांना आठवल्या त्या दुसऱ्या दिवशी, घरी, खोका ओट्यावर ठेवताना. पाणी केव्हाच निवलं होतं. त्यांनी घाईघाईने ते लाल बाटल्यांत मिसळलं, गणपतीचं विसर्जन झाल्यावर मुहूर्त विचारावा तसं. निळ्या बाटल्यांच्या आतल्या बाजूला दुधाळ साय धरली होती.  मग त्यांनी बाटल्यांचा ब्रश शोधला.

बायको दारात थबकली. "अगंबाई! बाटल्या धुताय? लग्न झाल्यापासून एक कप विसळला नाहीत."

"शास्त्रीय काम आहे," सर म्हणाले.

महिन्याभराने बाटलीबाई धावत त्यांच्या खोलीत आली. सिलिका इतर विहिरींच्या निम्मीसुद्धा नाही! तिने पुन्हा तपासलं, तरी तेच. "सर, यंत्र बरोबर आहे, मी बरोबर आहे. मग ही विहीरच वेगळी आहे का?"

खरं सांगायचंच होतं, तर हाच तो क्षण होता. दार लोटलेलं होतं, खोलीत तिसरं कोणी नव्हतं आणि ती लहान पोरीसारखी बघत होती. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं."

त्यानंतर काय, गाडं उताराला लागलं. 'स्वच्छ विहीर' या नावाचा निबंध छापून आला, वर सरांचं नाव, खाली तिचं. परिषदेत टाळ्या पडल्या. फोटो भिंतीवर लागला. बाटलीबाई म्हणायची, "सर, पुन्हा एकदा नमुने आणायला हवेत," आणि सर म्हणायचे, "विहिरीवर विश्वास ठेव गं." हळूहळू तिने म्हणणं सोडलं आणि प्रयोगशाळेत काहीतरी करत बसू लागली. दिवसचे दिवस पाणी तापवायची, निववायची, बाटल्यांत भरून ठेवायची. सरांनी काय चाललंय ते विचारलं नाही. ती समोरून येताना दिसली की ते जिन्याने जात. त्यांची खोली तळमजल्यावर होती, त्यामुळे जिन्याने जाऊन त्यांना परत खाली यावं लागे.

"सर, सहाव्या प्रकरणाबद्दल थोडं बोलायचं होतं."

"तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," असं म्हणत ते जिना चढू लागत.

विद्यापीठात पद्धत अशी, की प्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणाखाली मार्गदर्शकाने वाचून सही करायची. सरांनी चार प्रकरणं मन लावून वाचली, दोन ठिकाणी स्वल्पविरामही काढले. पाचव्याच्या माथ्यावर त्या विहिरीचं नाव दिसलं आणि त्यांनी मान वळवली. पुढच्या सह्या त्यांनी पानांकडे न बघता केल्या. आळस नव्हता तो. खाई त्याला खवखवे म्हणतात; सरांना तर नुसत्या वासानेच खवखवत होतं.

आणि मग कळलं की बाहेरून येणाऱ्या परीक्षक कोण आहेत. त्या बाईंनी उभा जन्म नळ्यांतला थर खरवडण्यात घालवला होता आणि विद्यार्थी त्यांना 'खरवडकर बाई' म्हणत. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. पाणी पातळ केव्हा केलं, हा त्यांचा पहिला प्रश्न असणार होता. तो आला की प्रबंध कोसळणार. पोरीची सहा वर्षं, कारखान्यात कबूल झालेली नोकरी, शिंप्याचा अभिमान, सगळं सरांनी त्या दिवशी ब्रशने घासून काढलं होतं. सांगायचं तर परीक्षेआधी सांगायला हवं. सरांनी रोज ठरवलं. रोज जिना चढले.

परीक्षेची खोली भरली होती. शेवटच्या रांगेत शिंपी बसले होते, इस्त्रीचे कपडे, गुडघ्यावर हात. सर आत आले तसं शिंप्यांचं लक्ष आधी कोटाच्या खांद्यांकडे गेलं आणि त्यांचा चेहरा पडला. सरांना वाटलं, यांनाही कळलं.

बाटलीबाई छान बोलली. सरांना त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. त्यांचे कान फक्त एका प्रश्नासाठी उघडे होते. खरवडकर बाईंनी पान उलटलं, चष्मा नाकावर सरकवला.

"पाचव्या प्रकरणातल्या विहिरीचे नमुने. पाणी पातळ कधी केलं?"

बाटलीबाईने सरांकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, काळजी होती. आणि तीच सरांना सोसवली नाही. ते उठले. कोट त्यांच्या मागोमाग जरा उशिराने उठला.

"थांबा," ते म्हणाले. "पृथ्वीच्या पोटात जे दडलेलं असतं..." सवयच ती. त्यांनी पाणी प्यायलं. "दोष माझा आहे. नमुने मी आणले. वेळेवर पातळ केले नाहीत. फोटो काढत होतो. घरी गेल्यावर मिसळले. थर बाटल्यांना चिकटला होता, तो मी धुऊन टाकला. हिला यातलं काही माहीत नाही. शिक्षा करायची तर मला करा, हिची पदवी अडवू नका."

खोलीत शांतता पसरली. सरांना वाटलं, तीन वर्षांचं ओझं खाली पडल्याचा हा आवाज आहे.

 खरवडकर बाईंनी प्रबंध उलटा करून त्यांच्यासमोर सरकवला.

"हे सगळं सहाव्या प्रकरणात आहेच की, सर."

"कुठे?"

"सहाव्या प्रकरणात. पातळ करायला किती उशीर झाला की किती सिलिका हरवते, त्याचे प्रयोग. फार सुंदर केलेत. शेवटी तिने स्पष्टच लिहिलंय, की ही स्वच्छ विहीर नाही, हा नुसता उशीर आहे. माझ्या मते प्रबंधात एवढं एकच प्रकरण नवं आहे. मला फक्त उशीर किती झाला असावा, याचा तिचा अंदाज ऐकायचा होता." त्यांनी बोट ठेवलं. "तुमची सहीसुद्धा आहे इथे."

सही होती. चांगली ठसठशीत होती, खाली दोन टिंबं देऊन.

"वाचलं नाहीत का तुम्ही?" बाईंनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, नुसती चौकशी होती.

मागून कोणीतरी खोकलं. सर उभेच होते. खाली कसं बसतात ते त्यांना आठवेना. बाटलीबाई हळूच म्हणाली, "सर, बसा ना," आणि त्यांचं लालबुंद झालेलं तोंड कोणाला दिसू नये म्हणून पडद्यावरचं पुढचं चित्र लावलं.

पदवी एकमताने मिळाली. बाहेर चहाच्या टेबलापाशी नव्या डॉक्टरीणबाई सरांजवळ आल्या.

"तुला कळलं कसं?" सरांनी बशीकडे बघत विचारलं.

"निळ्या बाटल्या परत आल्या तेव्हा चकचकीत होत्या, सर. आणि लिंबाचा वास येत होता. आधी वाटलं खोकाच बदलला. पुढे आकडे जुळेनात, तेव्हा तो वास आठवला."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही जिन्यात होतात," ती म्हणाली.

एवढ्यात शिंपी पुढे आले. सरांनी मान खाली घातली. या माणसाला काय तोंड दाखवायचं? शिंप्यांनी हात जोडले आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन कोटाचे दोन्ही खांदे चिमटीत धरले.

"माफ करा साहेब, माझी चूक झाली. फोटोवरून माप घ्यायला नको होतं. काढून द्या, बारीक करून आणतो."

सरांनी कोट काढून दिला. आतल्या सदऱ्यात ते बरेच लहान दिसले.

संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा सहावं प्रकरण उघडलं. बायको भाजी निवडत होती.

"त्या पोरीने मध्ये फोन केला होता मला," ती म्हणाली. "साबण कुठला वापरला म्हणून."

"आणि तू सांगितलंस?"

"न सांगायला काय झालं? जन्मात एकदा बाटल्या धुतल्यात तुम्ही. मी तर सगळ्यांना सांगते."

सरांनी पानं उलटली. बाटलीबाईने काही सोडलं नव्हतं. निवलेलं पाणी काढून घेतल्यानंतर रिकाम्या बाटल्या न धुता, नुसत्या पाण्याने धुऊन आणि भांड्यांच्या लिंबाच्या साबणाने धुऊन, असे तिन्ही प्रयोग तिने केले होते. खाली एका ओळीत निष्कर्ष होता.

बाटल्या धुतल्याने निकालात काहीही फरक पडत नाही.