अंगठ्याचा डाग पाहणारा डोळा

मित्रांनो, जुना आहे मी, पण आंधळा नाही. कझाकस्तानातल्या कारागांडा शहरात, एका प्रयोगशाळेत राहणारा मी एक प्रकाशाचा डोळा आहे. केसाएवढ्या काचतंतूंचे माझे शरीर. काही तंतू प्रकाश घेऊन जातात, बाकीचे तो परत आणतात.

माझ्यापुढच्या भांड्यात रक्ताइतकेच खारट, कोमट पाणी असते. त्यात मॅग्नेशियमची पट्टी बुडवतात. अशी पट्टी मोडलेल्या हाडाला आधार देते आणि हाड सांधले की शरीरातच विरघळते. मात्र हाडाआधीच विरघळली तर सगळे मुसळ केरात. झिजताना पट्टीतून वाहणारी वीज शेजारचा मीटर मोजतो. किती झिजली ते तो सांगतो, कुठे झिजली ते मी. चकाकता धातू प्रकाश परत देतो, झिजलेला देत नाही.

उमेदीच्या काळात माझे फार कौतुक झाले. मग नवी यंत्रे आली आणि माझ्यावर फडके पडले. पट्ट्या घडवणारे वयस्कर अभियंते सेइतझान-अगा तर म्हणायचे, "याला संग्रहालयात पाठवा." (आमच्याकडे थोरल्या माणसाला मानाने 'अगा' म्हणतात.) प्रयोगशाळेची प्रमुख रौशन मात्र ऐकायची नाही.

त्या हिवाळ्यात अगांची नात झानेल घोड्यावरून पडली. पाय मोडला आणि वाकडा सांधला गेला. नव्या शस्त्रक्रियेसाठी अगांनी पट्ट्यांची जोडी घडवली, एक तपासायला, एक नातीसाठी. आमच्याकडे नवी वस्तू पाहायला कोणी रिकाम्या हाताने येत नाही. शेजारीपाजारी मिठाई, रुमाल घेऊन आले. पट्ट्या हातोहात फिरल्या, प्रत्येकाने दुवा दिली. मग अगांनी त्या स्पिरिटने पुसल्या.

तपासायची पट्टी माझ्यापुढच्या भांड्यात बुडवली. मीटर म्हणाला, ठीक आहे. मला मात्र डाग दिसले.

"अगा, पट्टीला खड्डे पडताहेत," रौशन म्हणाली.

"तुझ्या त्या म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालाय. ऑपरेशन तोंडावर आलंय, आता मोडता घालू नकोस."

"मीटर अख्ख्या पट्टीचा हिशेब सांगतो. एका कोपऱ्याला भोक पडलं तर त्याला काय कळणार?"

मला वाईट वाटले, पण मीही हट्टाला पेटलो. रौशनने माझी काच पुसली आणि मी पट्टीचा कण न् कण पुन्हा पाहिला. पडद्यावर डाग जुळत गेले. वळणावळणाच्या बारीक रेघा. रौशनने शेजारी आपला अंगठा धरला. तो जुळला नाही. मग अगांनी स्वतःचा धरला आणि रेघ न् रेघ जुळली.

"घामातलं मीठ," ते म्हणाले. "स्पिरिटनं निघालं नाही. पहिली दुवा माझीच होती. दुसऱ्या पट्टीलाही हाच हात लागलाय."

"दुवा खरीच आहे, अगा. हात धुवायचे तेवढे राहिले."

शस्त्रक्रिया पुढे ढकलली. अगांनी हातमोजे घालून नवी जोडी घडवली. लोक पुन्हा आले, रीत थोडीच मोडता येते? पण या वेळी पट्ट्या झाकलेल्याच राहिल्या. तपासायची पट्टी सगळ्यांनी माझ्या पडद्यावर पाहिली आणि मिठाई माझ्यापुढे ठेवली. पट्टी ठरल्या गतीने, सगळीकडे सारखी झिजत राहिली.

मित्रांनो, जुन्याला मोडीत काढण्याआधी एकदा त्याची काच पुसून पाहा. कदाचित त्याला अजून दिसत असेल.

पुढच्या उन्हाळ्यात झानेल मला भेटायला आली. तिने कुतूहलाने हात पुढे केला. अगांनी तो वरच्यावर पकडला.

"आधी हात धुऊन ये."

ती नळाकडे धावत सुटली. अगा तिच्या पायांकडे पाहत राहिले.