पेन्सिलीतलं पान

सुतार माणूस नीटनेटका. पेन्सिल कायम कानामागे, पण काम संपलं की तिची एकही रेघ लाकडावर दिसता कामा नये, हा त्याचा बाणा. पॉलिशखाली रेघ राहिली की गिऱ्हाईक नाक मुरडतं. तीस वर्षं त्याने रेघा मारल्या आणि तीस वर्षं न चुकता पुसल्या.

मुलीच्या अभ्यासात मात्र त्याने कधी नाक खुपसलं नाही. मुलगी सोळा वर्षांची. वाचताना गुणगुणते म्हणून घरात सगळे तिला भुंगी म्हणत. शाळेत तिचा जीव रमेना, तेव्हा आईने तिला घरीच शिकवायला घेतलं, त्याला सहा वर्षं झाली. पुस्तकं आई निवडणार, निबंध आई तपासणार, ग्रेड आई देणार. सुताराने मध्ये तोंड घातलंच तर "तुम्ही तुमची करवत बघा" असं उत्तर मिळे, आणि तो खुशाल करवत बघे. आता आईला जाऊन चार महिने झाले होते. बघणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन माहितीपत्रकं होती, दोन्ही घरी शिकणाऱ्या मुलांच्या लेखन-साहित्याच्या अभ्यासक्रमांची. एकात निबंध संगणकावर टाकायचा, दोन मिनिटांत ग्रेड हजर, माणसाचा संबंध नाही. दुसऱ्यात एक बाई प्रत्येक निबंध हाताने तपासून, समासात शेरे लिहून टपालाने परत पाठवणार. दुसऱ्यावर आईने अंथरुणात पडल्या पडल्याच खूण करून ठेवली होती, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. अर्जासोबत ग्रेडची वही तेवढी जोडायची होती, पालकाच्या सहीनिशी. उद्या शेवटचा दिवस.

भुंगी सकाळीच मावशीबरोबर वाचनालयात गेली होती. सुताराने वही उघडली. तारीख, निबंधाचा विषय, ग्रेड, शेरा. पानामागून पान निळ्या शाईत, बायकोच्या टपोऱ्या अक्षरात. शेवटचं पान मात्र सगळं पेन्सिलीतलं. पाच निबंध, बारीक वाकडं अक्षर, जागोजागी ओळीखाली घसरलेलं. आजारपणात कच्चं लिहून ठेवलं असणार, त्याला वाटलं, पक्कं करायचं राहूनच गेलं बिचारीचं. असलं पान परक्यांच्या हातात द्यायचं? आईने काय शिकवलं ते दिसतंय, म्हणतील. ते त्याला सोसलं नसतं.

चष्मा कारखान्यात राहिला होता. ग्रेडची अक्षरं मोठी, ती त्याने शाईने गिरवली. शेरे काही लागेनात, आणि अर्जात तर फक्त ग्रेड मागितल्या होत्या. मग त्याने खोडरबर घेतला. शेवटच्या शेऱ्यावर कागदाचा एक कपटा चिकटवलेला होता; तो त्याने हलक्या हाताने सोडवला आणि त्याच्याखालचंही पुसलं. फुंकर मारून कचरा उडवला. पान झकास दिसायला लागलं. कितीतरी दिवसांनी बायकोसाठी काहीतरी केलं, असं वाटून त्याला बरं वाटलं.

दुपारी भुंगी आली. त्याने हौसेने वही तिच्यापुढे सरकवली. ती बघतच राहिली.

"पेन्सिलीचं कुठंय, बाबा?"

"कच्चं होतं ना ते? पक्कं केलं मी."

"पेन्सिल म्हणजे पहिल्या खर्ड्याची ग्रेड," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "मी पुन्हा लिहिलं की मग आई ते पुसून शाईने ग्रेड द्यायची. शाई म्हणजे तो निबंध संपला."

"मग हे पाच पुन्हा का नाही लिहिलेस?"

"तपासणार कोण होतं?" ती म्हणाली. "आणि मला संपवायचेच नव्हते."

भुंगीने तो कपटा टेबलावरून उचलला.

"हा मी लावला होता. त्याखालचं मी वाचलंच नव्हतं. आईने लिहिलेलं एवढं एकच वाचायचं राहिलं होतं, म्हणून जपून ठेवलं होतं." तिने वर बघितलं. "काय लिहिलं होतं, बाबा?"

खोटं बोलणं सोपं होतं. छान लिहिलंयस, असं काहीबाही सांगता आलं असतं. पण बायकोच्या तोंडी आपले शब्द घालायला त्याची जीभ रेटेना.

"मला दिसलं नाही गं," तो म्हणाला. "चष्मा नव्हता."

तो वही घेऊन खिडकीशी गेला. लाकडावरचा बारीकसा ओरखडाही तिरप्या उजेडात सापडतो, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्याने पान असं धरलं, तसं धरलं, बोट फिरवून पाहिलं. आधीच्या पानांवर बायकोच्या अक्षरांचे वळ मागच्या बाजूलाही हाताला लागत होते. या पानावर काही नव्हतं. शेवटी शेवटी तिच्या हाताला जोरच उरला नव्हता, पेन्सिल कागदावर नुसती टेकली होती. सुतार तिथेच खिडकीशी उभा राहून रडला. ती गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता.

भुंगी त्याच्याजवळ आली नाही. बऱ्याच वेळाने त्याने वळून बघितलं तर तिने संगणकवाल्या अभ्यासक्रमाचं पत्रक पुढे ओढलं होतं.

"हा भरू या."

"अगं, आईने तो दुसरा…"

"माहितीये मला. मला कुणाचे शेरे नकोत."

तो येऊन बसला, अर्ज समोर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. भुंगीने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. हात लांबवून त्याच्या कानामागची पेन्सिल ओढली आणि त्याच्या बोटांत दिली.

"हिनं भर," ती म्हणाली.